होम पेजवरचा फुकटचा व्हिडिओ आणि त्याची परत परत उठणारी दुखणी

"ताई, व्हिडिओ चालंना."

एवढंच वाक्य. पलीकडे कधी दिंडोरीकडचे द्राक्ष बागायतदार असतात, कधी पंचवटीतल्या लॉजचे मालक, कधी कॉलेज रोडवरचे दातांचे डॉक्टर. मी पहिला प्रश्न विचारते तो वेबसाइटबद्दल नसतोच. "दादा, आयफोनवर बघताय ना? वर कोपऱ्यात बॅटरी पिवळी दिसतेय का?"

"पिवळीच आहे. त्याचं काय?"

त्याचंच सगळं. आयफोन लो पॉवर मोडमध्ये गेला की आपोआप सुरू होणारे व्हिडिओ थांबवून ठेवतो आणि मधोमध प्लेचं बटण दाखवतो. साइट ठणठणीत असते. फोन चार्जिंगला लावा, मोड बंद करा, पान पुन्हा उघडा. निम्मे फोन इथेच संपतात.

उरलेल्या निम्म्यांसाठी हे लिहितेय. नाशकात बसून लहान-मोठ्या धंद्यांच्या साइटी करताना होम पेजवर मोठा हलता व्हिडिओ हवाच असा आग्रह जवळजवळ प्रत्येकाचा असतो, आणि शूटिंगचं बजेट जवळजवळ कोणाचंच नसतं. मग फुकटचं स्टॉक फुटेज, म्हणजे दुसऱ्यांनी शूट करून वापरायला ठेवलेल्या तयार क्लिपा. तक्रारी ठरलेल्या पाच-सहाच, आणि बहुतेकींचं मूळ साइटच्या कोडमध्ये सापडत नाही. क्लिप डाउनलोड केली त्या दोन मिनिटांत सापडतं. साइझ चुकीचा घेतला, फॉरमॅट बघितला नाही, लायसन्स वाचलं नाही, किंवा बाग भलत्याच देशातली उचलली.

बॅटरी पिवळी नाही, तरी चालत नाही

लॅपटॉपवर चालतो आणि कोणत्याच फोनवर चालत नाही, असं असेल तर आधी व्हिडिओच्या टॅगमध्ये, म्हणजे पानाच्या कोडमधल्या व्हिडिओच्या ओळीत, तीन शब्द आहेत का ते बघा: ऑटोप्ले, म्यूटेड आणि प्लेज-इनलाइन. आयफोनवर आवाज बंद असलेला व्हिडिओ पानातल्या पानात आपोआप चालायला 2016 मध्ये, आयओएस 10 पासून परवानगी मिळाली, पण म्यूटेड आणि प्लेज-इनलाइन दोन्ही लिहिलेले असतील तरच. डेस्कटॉपच्या क्रोमनेही 2018 पासून आवाजासकट ऑटोप्लेला चाप लावला. त्यामुळे "हळू आवाजात बासरी वाजू दे ना ताई" ही मागणी आली की मी सरळ नाही म्हणते. बासरीपायी चित्रही जाईल.

दुसरा प्रकार जास्त छळतो. एका मशीनवर छान दिसतो, दुसऱ्यावर नुसतं काळं, किंवा आवाज येतो आणि चित्र नाही. हा बहुधा कोडेकचा, म्हणजे व्हिडिओ दाबून साठवायच्या पद्धतीचा खेळ: एच 265, ज्याला एचईव्हीसी असंही म्हणतात. स्टॉक साइटवरून थेट घेतलेली एमपी4 शक्यतो एच 264 असते आणि ती सगळीकडे चालते. पण कोणीतरी ती एडिट करून पुन्हा एक्सपोर्ट करतं, किंवा मध्ये स्वतःच्या फोनवरची क्लिप जोडतं, आणि तिथे घोळ होतो. 2017 च्या आयओएस 11 पासून आयफोन एचईव्हीसीमध्ये शूट करू शकतात. ब्राउझरमध्ये ती चालेल की नाही हे ब्राउझर कोणता, मशीन कोणतं यावर ठरतं, म्हणून "माझ्याकडे तर चालतोय" या वाक्याला काही अर्थ राहत नाही. त्यात व्हीएलसी प्लेयर काहीही चालवतो, त्यामुळे आपली आणखी फसगत होते.

व्हीएलसीचाच उपयोग मात्र तपासायला करा. क्लिप उघडा, टूल्समध्ये जाऊन कोडेक इन्फर्मेशन बघा. एच 264 दिसलं तर ठीक, एचईव्हीसी दिसलं तर रूपांतर करणं आलं. आणि एच 264 असूनही काही ठिकाणी काळी पट्टीच दिसत असेल तर क्लिप 10 बिटची (रंग जास्त बारकाईने साठवणारी) आहे का ते मीडियाइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये बघा. ब्राउझरला 8 बिट, 4:2:0 हा रंग साठवायचा साधा प्रकार लागतो. कॅमेरावाल्यांनी हौसेने दिलेलं 10 बिट फुटेज एडिटिंगला सोनं, साइटला डोकेदुखी.

तिसरा प्रकार दुर्मिळ, पण माझे दोन दिवस खाऊन गेलाय म्हणून सांगते. सगळीकडे चालतो, फक्त सफारीत अजिबात नाही. बॅटरी भरलेली, तिन्ही शब्द जागेवर, कोडेक बरोबर. सफारी अख्खी फाइल मागण्याआधी सर्व्हरकडे, म्हणजे फाइल ठेवलेल्या मशीनकडे, तिचा इवलासा तुकडा मागून बघते. सर्व्हरला असं तुकड्या-तुकड्याने देता येत असेल तर तो 206 क्रमांकाचं उत्तर देतो. ज्या होस्टिंगवर ती साइट होती तिथे मध्ये बसलेली एक सुरक्षेची स्क्रिप्ट तुकडा मागितला तरी 200 म्हणून अख्खी फाइल पुढे करत होती. सफारी रुसली. मी दोन दिवस कोड उलटापालटा करत बसले. फाइल दुसऱ्या जागी ठेवली आणि पाच मिनिटांत चालू.

साइट उघडायलाच वेळ लागतो

इथे गणित करा, तेही सोपं आहे. मेगाबिट प्रति सेकंद गुणिले सेकंद, भागिले 8, की मेगाबाइट निघतात. 4के क्लिप 20 मेगाबिटची आणि 15 सेकंदांची असेल तर साडेसदतीस एमबी. बांधावर उभं राहून मोबाइल डेटावर साइट उघडणाऱ्याच्या गळ्यात आपण साडेसदतीस एमबी मारतोय. तीच क्लिप 720 पिक्सेलच्या उंचीत, दीड मेगाबिटवर, 12 सेकंदांची केली तर सव्वादोन एमबी. मागे अंधारी झाक आणि वर मोठं शीर्षक असताना दोन्हींतला फरक कोणाला दिसतही नाही.

चूक डाउनलोडच्या बटणावरच होते. पेक्सेल्ससारख्या साइटवर बटणाशेजारच्या बाणावर टिचकी मारली की साइझ निवडायला मिळतो. घाईत सरळ बटण दाबलं की मोठी फाइल येते आणि तीच वर्डप्रेसमध्ये, म्हणजे साइट चालवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, चढवली जाते. चढली नाही आणि 'अपलोड मॅक्स फाइलसाइझ'चा लाल संदेश आला तर आम्ही होस्टिंगवाल्याला फोन करून मर्यादा वाढवून मागतो! ती मर्यादा आपलं भलंच करत होती.

हँडब्रेक हे फुकट सॉफ्टवेअर घ्या. त्यात एच 264 निवडा, रुंदी 1280, फ्रेम रेट 25 किंवा 30 (60 ची क्लिप असेल तर उतरवाच), क्वालिटीची आरएफ पट्टी 26 ते 28 च्या आसपास. आरएफचा आकडा वाढला की फाइल लहान होते, हे पहिल्यांदा सगळ्यांना उलटं वाटतं. ऑडिओच्या टॅबमध्ये जाऊन ट्रॅक काढून टाका. म्यूटच ठेवायचंय तर वजन कशाला वाहायचं. आणि समरीच्या टॅबमध्ये 'वेब ऑप्टिमाइझ्ड'वर खूण करायला विसरू नका. एमपी4 फाइलची अनुक्रमणिका एरवी शेवटी असू शकते, या खुणेने ती सुरुवातीला येते आणि फाइल पूर्ण उतरायच्या आधीच व्हिडिओ सुरू होतो.

शिवाय पोस्टर म्हणून क्लिपचीच पहिली फ्रेम जेपीजी करून द्या, शंभरेक केबीच्या आत. व्हिडिओ येईपर्यंत, किंवा आलाच नाही तरी, माणसाला काहीतरी दिसतं. गूगलच्या मोजमापात पानावरचा सर्वात मोठा घटक अडीच सेकंदांच्या आत दिसला तर चांगलं धरतात. ती वेळ या पोस्टरच्या जिवावर गाठता येते.

नवा व्हिडिओ चढवला तरी क्लायंटला जुनाच दिसतोय? कॅशे, म्हणजे ब्राउझरने साठवून ठेवलेली जुनी प्रत. फाइलला नवीन नाव द्या, आणि नावात देवनागरी अक्षरं किंवा मोकळ्या जागा ठेवू नका.

"ही बाग कोणाची?"

हे दुखणं कोणत्याच टूलमध्ये सापडत नाही.

द्राक्ष निर्यात करणाऱ्या एका दादांसाठी मी साइट केली होती. होम पेजवर सोनेरी उन्हात डोंगरउतारावरच्या वेलींच्या रांगा, कॅमेरा अलगद पुढे सरकतोय, काळेभोर घड. मला स्वतःला फार आवडली होती ती क्लिप. दादांनी शांतपणे पूर्ण बघितली.

"झकास आहे ताई. पण ही बाग कोणाची?"

"नमुना आहे दादा. आपलीच समजायची."

"आपलीच कशी समजू? आपला थॉमसन हिरवा. आणि आपल्याकडं वाय अँगलवर किंवा मांडवावर बाग असते, हे असं गुडघ्याएवढं झाड कोण ठेवतं? हा वाइनचा माल आहे. युरोपातला खरेदीदार एका नजरेत ओळखंल आणि म्हणंल, यांच्याकडं स्वतःची बाग तरी आहे का."

मला काही बोलता येईना. ज्याला दाखवायचं तोच माणूस खोटं ओळखणारा, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. कांद्याचंही तसंच. लासलगावच्या व्यापाऱ्याच्या साइटवर परदेशी पिवळा कांदा आणि ट्रॅक्टरऐवजी अवाढव्य कापणीयंत्र. तिथे कांद्याची चाळ दिसायला हवी होती.

पंचवटीतल्या लॉजची गोष्ट याहून गमतीची. मालक म्हणाले, "गंगेचा व्हिडिओ टाका, संध्याकाळच्या आरतीचा." नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो, भाजी आणायलासुद्धा गंगेवर जातो. माझ्याकडे तेव्हा शिकायला आलेला मुलगा बाहेरगावचा. त्याने शोधात गंगा आणि आरती टाकलं, आणि आला थेट वाराणसीचा घाट. रुंद पात्र, होड्या, उंच पायऱ्या. लॉजवाल्या काकांनी दहा सेकंद बघून एवढंच विचारलं, "आमच्या गंगेतला दुतोंड्या मारुती कुठंय?" पूर किती आला हे ज्याच्या अंगावरच्या पाण्यावरून आख्खं शहर मोजतं, तोच नाही म्हटल्यावर रामकुंड कसलं? सिंहस्थाच्या निमित्ताने यात्रेच्या गाड्यांचे, खोल्यांचे धंदेवाले साइटी करून घेतात, तिथे हीच चूक आणखी मोठी होते. कुंभ शोधलं की प्रयागराजच्या वाळूतले तंबू येतात. नाशिक-त्र्यंबकेश्वरचं स्नान रामकुंडात आणि कुशावर्तात होतं, संगमावर नाही.

तेव्हापासून मी एक नियम पाळते. ज्या चित्रात गाव ओळखू येतं, तिथे स्टॉक वापरायचं नाही. जिथे ओळखू येत नाही तिथे खुशाल. पाण्यावर थरथरणारी दिव्याची ज्योत, पानावरचे दवाचे थेंब, हिरव्या मण्यांचा अगदी जवळून घेतलेला घड, मटकीच्या रश्श्यावरची वाफ, मातीत चालणारे हात. असे जवळचे तुकडे कुठलेही असले तरी खोटे पडत नाहीत. तरी एकदा क्लायंटला दाखवाच; पानाच्या आकारावरून जात सांगणारे लोक आहेत हे.

शोधायचंही थोडं तंत्र आहे. नाशिक शोधायचं तर इंग्रजीतली दोन्ही स्पेलिंगं वापरा, एच असलेलं आणि नसलेलं. अपलोड करणाऱ्याने कोणतं टाकलंय सांगता येत नाही. गावापेक्षा वस्तू शोधा. 'व्हिनयार्ड' टाकलं की टस्कनी येणार, 'टेबल ग्रेप्स' किंवा 'ग्रेप पर्गोला' टाकलं तर मांडवाच्या जवळपास जाता. आणि एक चांगली क्लिप मिळाली की ती टाकणाऱ्याचं पान उघडा. त्याच ठिकाणच्या, त्याच उजेडातल्या आणखी चार क्लिपा तिथे असतात, आणि साइटभर एकच रंग राहतो. वेगवेगळ्या देशांतल्या पाच क्लिपा जोडल्या की गोधडी दिसते.

फुकट म्हणजे नेमकं किती फुकट

पेक्सेल्स आणि पिक्साबे (दोन्ही 2019 पासून कॅनव्हाच्या मालकीच्या) यांचं लायसन्स सुटसुटीत आहे. धंद्याच्या साइटवर चालतं, श्रेय देण्याची सक्ती नाही, पण क्लिप आहे तशी विकायची नाही आणि त्यातला ओळखू येणारा माणूस तुमच्या मालाची शिफारस करतोय असं भासवायचं नाही. हा शेवटचा मुद्दा दवाखान्यांच्या साइटवर सर्रास मोडला जातो. एकच हसरी गोरी डॉक्टरीण मी शहरातल्या तीन दवाखान्यांच्या साइटवर बघितलीय, खाली 'आमचे तज्ज्ञ'. मिक्सकिटवर क्लिपागणिक लायसन्स वेगळं असू शकतं. काहींवर 'रिस्ट्रिक्टेड' असतं, त्या धंद्याच्या कामाला घेऊ नका. विकिमीडिया कॉमन्सवर बहुतेकदा नाव देण्याची अट असते, फाइलही वेबएम किंवा ओजीव्ही मिळते, म्हणून हँडब्रेकमधून एमपी4 करून घ्या. क्रिएटिव्ह कॉमन्सच्या (आपलं काम इतरांना अटींवर वापरू देणाऱ्या) लायसन्समध्ये 'एनसी' ही अक्षरं दिसली की समजायचं, धंद्याला नाही.

क्लिपवर तिरकी पुसट अक्षरं उमटलीत? पिक्साबेवर शोधाच्या निकालांत आयस्टॉकच्या विकतच्या गोष्टी जाहिरात म्हणून येतात. तिथे टिचकी मारून नमुन्याची क्लिप उचलली गेलीय. ती अक्षरं पुसायचं सॉफ्टवेअर शोधू नका, विकत घ्या किंवा दुसरी शोधा.

आणि यूट्यूबवर 'नो कॉपीराइट' असं शीर्षक दिलेला व्हिडिओ, किंवा नाशिकच्या कुठल्यातरी पेजवरचं पावसाळ्यातल्या धबधब्याचं रील? दोन्ही नको. "खाली क्रेडिट देऊ ना" हा युक्तिवाद मी आठवड्यातून एकदा ऐकते. 1957 च्या कॉपीराइट कायद्याने ते रील काढणाऱ्याचं आहे. नाव लिहिल्याने परवानगी मिळत नाही. त्याला मेसेज करून विचारा, बरेच जण आनंदाने देतात, आणि तो होकार जपून ठेवा.

जपून ठेवण्यावरून आठवलं. प्रत्येक क्लिपचं पान, लायसन्सचा स्क्रीनशॉट आणि तारीख एका फोल्डरमध्ये टाकायची सवय लावा. टाकणारा उद्या क्लिप काढून टाकू शकतो, मग तुमच्याकडे सांगायला काहीच उरत नाही. त्याच कारणाने स्टॉक साइटच्या फाइलचा पत्ता थेट आपल्या पानात चिकटवू नका. एक दिवस तिथे नुसता करडा चौकोन दिसेल आणि फोन येईल, "व्हिडिओ चालंना."

बारीकसारीक

लूप होताना झटका बसत असेल तर क्लिप मधोमध कापा, दोन्ही तुकड्यांची अदलाबदल करा आणि आता मध्ये आलेल्या जोडावर एका सेकंदाचा डिझॉल्व्ह (एक चित्र विरत दुसरं उमटणं) द्या. शॉटकट या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन तुकडे एकमेकांवर सरकवले की तो आपोआप होतो. आता क्लिप जिथे संपते तिथूनच मुळात ती पुढे जात होती, म्हणून झटका गायब. कॅमेरा फिरणारा असेल तर मात्र ही युक्ती शोभत नाही. स्थिर कॅमेरा आणि पाणी, पानं, धूर असलंच काहीतरी घ्या.

फोनवर उभ्या स्क्रीनमध्ये आडव्या क्लिपचा जेमतेम एकतृतीयांश भाग दिसतो. विषय कडेला असेल तर नुसतं आकाश उरतं. विषय मध्यभागी असलेली क्लिप घ्या किंवा फोनसाठी वेगळी उभी क्लिप ठेवा. आणि थांबवायचं एक छोटं बटण द्या. पाच सेकंदांपेक्षा जास्त काळ आपोआप हलणाऱ्या गोष्टीला ते असावं असं सुगम्यतेचे नियम सांगतात.

ड्रोनचा हट्ट धरणाऱ्यांना एक सांगणं: आपल्याकडे देवळालीत तोफखान्याचं स्कूल, ओझरला विमानतळ, नाशिकरोडला नोटांचा छापखाना. 2021 च्या ड्रोन नियमांप्रमाणे डिजिटल स्काय या सरकारी साइटच्या नकाशावर लाल-पिवळा-हिरवा भाग बघितल्याशिवाय लग्नाच्या शूटिंगवाल्याला बोलावून बागेवर ड्रोन उडवू नका.

त्या द्राक्षवाल्या दादांचं काय झालं? त्यांनी मनावर घेतलं आणि फेब्रुवारीत एका सकाळी मांडवाखाली बसून स्वतःच क्लिप काढली. वर हिरवे घड लटकलेले, पानांतून ऊन गळतंय, मागे कोणाच्या तरी बांगड्यांचा आवाज. मी आजवर उतरवलेल्या कुठल्याही स्टॉक क्लिपपेक्षा सरस. पण पाठवली व्हॉट्सअॅपवर, व्हिडिओ म्हणून. घडांच्या जागी हिरवा चिखल झाला होता. मी संध्याकाळी फोन केला, "दादा, हीच डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे दाबली जाणार नाही."

"अहो, ती तर डिलीट केली. मोबाइल भरला होता."

"मग उद्या परत काढा."

"उद्या कुठून काढू? आजच तोडा झाला, कंटेनर भरून गेलासुद्धा."

सध्या त्यांच्या होम पेजवर एक स्थिर फोटो आहे. पुढच्या गोडी छाटणीनंतर (फळासाठी करतात ती) आठवण करायची म्हणून मी कॅलेंडरला लावून ठेवलंय, आणि त्यांना फोनमध्ये पाच जीबी मोकळी ठेवायला सांगितलंय.